पदवी शिक्षणातील महाविद्यालय बदल (बुलढाणा जिल्हा)

पदवी शिक्षणातील महाविद्यालय बदल म्हणजे एका महाविद्यालयात पदवी अभ्यासक्रम सुरू केल्यानंतर तो पूर्ण होण्यापूर्वी दुसऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेणे व आधी मिळवलेले गुण किंवा श्रेयांक कायम ठेवून तीच पदवी पुढे चालू ठेवणे होय. महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील बहुतेक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे जिल्ह्यातील विद्यार्थ्याने केलेला बदल एकाच विद्यापीठांतर्गत आहे की दोन विद्यापीठांमधला, यावर त्याचे किती शिक्षण मान्य होईल हे मुख्यतः ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर श्रेयांक पद्धती लागू झाल्याने असा बदल तत्त्वतः सोपा झाला आहे. प्रत्यक्षात लहान महाविद्यालयांमधील विषयांची उपलब्धता, कागदपत्रे, शिष्यवृत्ती व प्रवासाचे अंतर हे घटक निर्णायक ठरतात.

या लेखात बी.ए., बी.कॉम. व बी.एस्सी. या पारंपरिक पदव्यांचा विचार केला आहे. अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयांतील बदल, तसेच अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांतील बदल यांचे नियम वेगळे आहेत.

भौगोलिक व शैक्षणिक पार्श्वभूमी

बुलढाणा जिल्हा विदर्भाच्या पश्चिम टोकाला असून अमरावती विभागात मोडतो. जिल्ह्यात बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद व संग्रामपूर असे १३ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती व तिचा सुमारे पाचवा भागच शहरी होता.

अजिंठा डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असे दोन भाग पडतात. मुंबई–हावडा लोहमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो. खामगाव हे जलंबहून निघणाऱ्या शाखामार्गावर आहे. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरात रेल्वे नाही, आणि घाटावरील विद्यार्थ्यांची भिस्त मुख्यतः एस.टी. बसवर आहे. विद्यापीठाचे मुख्यालय असलेले अमरावती शहर बुलढाण्यापासून रस्त्याने सुमारे २०० किलोमीटरवर आहे.

जिल्ह्यातील जुन्या महाविद्यालयांपैकी खामगाव येथील गो. से. विज्ञान, कला व वाणिज्य महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. बुलढाण्याचे जिजामाता महाविद्यालय, चिखलीचे श्री शिवाजी विज्ञान व कला महाविद्यालय, देऊळगाव राजा येथील श्री व्यंकटेश कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय, मलकापूरचे जनता कला व वाणिज्य महाविद्यालय आणि लोणारचे बनमेरू विज्ञान महाविद्यालय ही जिल्ह्यातील इतर काही महाविद्यालये होत. उच्च शिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेले देशातील ३७४ जिल्हे विद्यापीठ अनुदान आयोगाने निश्चित केले होते. त्यांत महाराष्ट्रातील सात जिल्हे होते व बुलढाणा त्यांपैकी एक होता. या जिल्ह्यांसाठी आखलेल्या योजनेतून विद्यापीठाचे आदर्श पदवी महाविद्यालय बुलढाण्यात स्थापन झाले.

इतिहास

एका पदवीसाठी अनेक महाविद्यालये बदलण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक महाविद्यालयांत पदवीचे सर्व वर्ग नसत, त्यामुळे पुढील परीक्षांसाठी विद्यार्थ्यांना मोठ्या शहरांत जावे लागे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिक्षण कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे डेक्कन व मुंबईचे एल्फिन्स्टन अशा तीन महाविद्यालयांत झाले आणि १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. ही तिन्ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होती. परीक्षा घेणारी संस्था तीच राहिल्याने महाविद्यालय बदलले तरी शिक्षण खंडित झाले नाही.

बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाड प्रांतात होता. वऱ्हाडातील विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी नागपूर, पुणे किंवा मुंबईला जात. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली व त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर खामगाव, बुलढाणा, चिखली यांसारख्या गावांत महाविद्यालये निघाली. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व नंतर वेगळा झालेला वाशीम हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

लहान महाविद्यालय व ‘लिबरल आर्ट्स’ ही संकल्पना

अमेरिकेत ‘लिबरल आर्ट्स महाविद्यालय’ म्हणजे पदवी शिक्षणावर भर देणारी, विद्यार्थिसंख्या मर्यादित असलेली व साहित्य, समाजशास्त्रे, विज्ञान आणि कला यांचे एकत्र शिक्षण देणारी संस्था होय. तेथे पदवीच्या मध्यावर महाविद्यालय बदलणे सर्वसामान्य आहे. अनेक विद्यार्थी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात शिकून नंतर चार वर्षांच्या महाविद्यालयात जातात. आधीचे श्रेयांक मान्य करायचे की नाही, हे तेथे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवते.

महाराष्ट्रात या नावाने चालणाऱ्या संस्था मुख्यतः पुण्यात आहेत. सिंबायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्स २०११ मध्ये सुरू झाले आणि फ्लेम विद्यापीठाला २०१५ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या संस्था खासगी असून त्यांचे शुल्क अनुदानित महाविद्यालयांच्या अनेक पट आहे व प्रवेशासाठी त्या स्वतंत्र निवडप्रक्रिया राबवतात.

बुलढाणा जिल्ह्यात या संकल्पनेला सर्वांत जवळचा नमुना म्हणजे तालुक्याच्या गावी असलेले तीन विद्याशाखांचे महाविद्यालय होय. जुन्या अभ्यासक्रमात बी.ए.चा विद्यार्थी भाषांबरोबर तीन ऐच्छिक विषय घेत असे व त्यांच्या जोड्या महाविद्यालयाने ठरवलेल्या असत. नव्या धोरणानुसार विद्यार्थी एक मुख्य विषय व एक गौण विषय निवडतो. त्यांखेरीज खुले वैकल्पिक विषय, कौशल्याधारित विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रकार्य व कार्यप्रशिक्षण हे घटक पदवीत येतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतील विषय शिकण्याची मुभा यातून मिळते, मात्र तो विषय शिकवणारा विभाग त्याच महाविद्यालयात असावा लागतो.

बदलाची कारणे

महाविद्यालय बदलण्याची कारणे शैक्षणिक तसेच कौटुंबिक असतात. हवा असलेला मुख्य विषय महाविद्यालयात नसणे, पालकांची बदली, विवाहानंतर मुलीचे दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात जाणे, वसतिगृहात प्रवेश मिळणे अथवा न मिळणे, नोकरी किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी शहरात राहणे आणि रोजच्या प्रवासाचा ताण ही त्यांपैकी प्रमुख होत. काही विद्यार्थी याउलट पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे पहिले वर्ष करून खर्च न झेपल्यामुळे आपल्या तालुक्यातील महाविद्यालयात परततात.

प्रकार

एकाच विद्यापीठांतर्गत बदल: मेहकरहून बुलढाण्याला किंवा शेगावहून अकोल्याला जाणारा विद्यार्थी अमरावती विद्यापीठातच राहतो. त्याचा अभ्यासक्रम व विद्यापीठ नोंदणी यांत सातत्य राहते आणि पदवी देणारी संस्था बदलत नाही. हा बदल सर्वांत कमी जोखमीचा असतो.

आंतरविद्यापीठ बदल: जिल्ह्याच्या सीमेमुळे हा प्रकार येथे विशेष महत्त्वाचा आहे. देऊळगाव राजा येथील विद्यार्थ्याला जालना हे जवळचे मोठे शहर आहे, परंतु जालन्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. मलकापूरच्या विद्यार्थ्याला रेल्वेने भुसावळ व जळगाव सोयीचे पडते, परंतु तेथील महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. अंतर कमी असले तरी विद्यापीठ बदलल्याने अभ्यासक्रमाची समकक्षता व पात्रता नव्याने तपासली जाते.

मुक्त विद्यापीठात बदल: नियमित उपस्थिती शक्य नसलेले विद्यार्थी नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचा पर्याय निवडतात.

श्रेयांकांचे हस्तांतर

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पदवी आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक आवश्यक आहेत. व्याख्यानांच्या बाबतीत एक श्रेयांक म्हणजे एका सत्रातील १५ तास, तर प्रात्यक्षिकांच्या बाबतीत ३० तास होत. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ व चार वर्षांच्या पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांकांची मर्यादा ठरवली. विद्यापीठ विभाग व स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली.

मिळवलेले श्रेयांक साठवण्यासाठी २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढी सुरू करण्यात आली. विद्यार्थ्याला येथे १२ अंकी ओळख क्रमांक मिळतो. श्रेयांकांची नोंद विद्यार्थी स्वतः करू शकत नाही, ती संस्थेकडूनच व्हावी लागते. नोंदवलेले श्रेयांक कमाल सात वर्षे ग्राह्य धरले जातात. २०२१ च्या विनियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के श्रेयांक मिळवणे आवश्यक आहे.

या शेवटच्या अटीचा परिणाम बदलाच्या वेळेवर होतो. १२० श्रेयांकांच्या पदवीत दरवर्षी ४० श्रेयांक असतात असे धरल्यास, पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्याला नव्या ठिकाणी ८० श्रेयांक मिळवायचे असतात व ५० टक्क्यांची अट आपोआप पूर्ण होते. दुसऱ्या वर्षानंतर बदल केल्यास त्याच्याकडे ८० श्रेयांक असतात. नव्या विद्यापीठातून किमान ६० मिळवणे आवश्यक असल्याने आधीच्यांपैकी ६० चाच उपयोग होतो. उरलेले २० श्रेयांक, म्हणजे एका सत्राचे काम, पदवीच्या हिशेबात वाया जाते. एकाच विद्यापीठांतर्गत बदलात पदवी देणारी संस्था तीच राहत असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

एकूण श्रेयांकांइतकेच त्यांचे वर्गीकरण महत्त्वाचे असते. इतिहास हा मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थ्याच्या नव्या महाविद्यालयात इतिहास विभाग नसेल, तर त्याला मुख्य विषय बदलावा लागतो. अशा वेळी इतिहासाचे श्रेयांक गौण किंवा वैकल्पिक विषयात धरायचे का, हे विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते आणि नव्या मुख्य विषयाचे मागील सत्रांतील अभ्यासक्रम भरून काढावे लागू शकतात. ही तूट काही प्रमाणात ‘स्वयम्’ या राष्ट्रीय ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांतून भरता येते. २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम या मंचावरून घेण्यास संस्था परवानगी देऊ शकते.

महाविद्यालय बदल हा बहुप्रवेश-बहुनिर्गम योजनेपेक्षा वेगळा आहे. त्या योजनेत विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडतो. त्यासाठी आयोगाच्या आराखड्यानुसार ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम अधिक करावा लागतो. तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो व पदवी सात वर्षांत पूर्ण करायची असते. शिक्षणात खंड न पाडता केवळ महाविद्यालय बदलणाऱ्याला या तरतुदीची गरज नसते.

प्रक्रिया व कागदपत्रे

सर्वसाधारणपणे विद्यार्थी प्रथम नव्या महाविद्यालयात जागा व विषय उपलब्ध असल्याची खात्री करतो व त्यानंतर जुन्या महाविद्यालयाकडे दाखल्यासाठी अर्ज करतो. दाखला आधी काढून घेतल्यास व नंतर प्रवेश न मिळाल्यास विद्यार्थी दोन्हीकडून वंचित राहण्याची शक्यता असते. सामान्यतः पुढील कागदपत्रे लागतात:

• महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अर्थात टी.सी.
• पूर्ण केलेल्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका
• दहावी व बारावीच्या गुणपत्रिका
• श्रेयांक पेढीचा ओळख क्रमांक व नोंदवलेल्या श्रेयांकांचा तपशील
• जात, उत्पन्न व अधिवास यांची प्रमाणपत्रे, लागू असल्यास
• विद्यापीठ बदलत असल्यास आधीच्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र व नव्या विद्यापीठाची पात्रता मान्यता
• विषयांची समकक्षता तपासण्यासाठी आधीच्या अभ्यासक्रमाची प्रत

बदल शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला करणे सोयीचे असते. सत्राच्या मध्यावर बदल केल्यास उपस्थिती, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण व परीक्षा अर्ज यांचे प्रश्न निर्माण होतात. काही विषयांत अनुत्तीर्ण असलेल्या विद्यार्थ्याला, म्हणजे ए.टी.के.टी. असलेल्याला, उरलेले विषय कोणत्या केंद्रावरून व कोणत्या अभ्यासक्रमानुसार द्यावे लागतील याची माहिती आधीच घ्यावी लागते.

महाविद्यालय निवडीचे निकष

बदल करणाऱ्या विद्यार्थ्याची निवड नव्याने प्रवेश घेणाऱ्यापेक्षा वेगळी असते, कारण त्याच्या पदवीचा काही भाग आधीच ठरलेला असतो. महाविद्यालयाचा लौकिक किंवा शहराचे आकर्षण यांपेक्षा पुढील बाबींना अधिक महत्त्व येते.

विषय: मुख्य व गौण विषय पुढील सर्व सत्रांत प्रत्यक्ष शिकवला जातो का, हे पाहावे लागते. माहितीपुस्तिकेत विषय असला तरी विद्यार्थिसंख्या अपुरी असल्यास तो सुरू न होण्याची शक्यता असते. चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी हवी असल्यास तो वर्ग त्याच महाविद्यालयात आहे का, हेही तपासावे लागते. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे.

शिक्षक: लहान महाविद्यालयातील एखादा विभाग एक किंवा दोन शिक्षकांवर चालू शकतो. पूर्णवेळ शिक्षक किती व तासिका तत्त्वावरील किती, यावरून विभागाच्या स्थैर्याची कल्पना येते. दुसरीकडे लहान वर्गात शिक्षकाशी थेट संपर्क राहतो. मध्येच दाखल झालेल्या विद्यार्थ्याला मागे राहिलेला भाग समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

मूल्यांकन: राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संस्था महाविद्यालयांचे मूल्यांकन करते. तिची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळत असल्याने एखाद्या विभागाची स्थिती तिच्यावरून कळत नाही.

ग्रंथालय व प्रयोगशाळा: विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकांचे श्रेयांक स्वतंत्र असल्याने प्रयोगशाळा महत्त्वाची ठरते. कला शाखेत ग्रंथालय व अभ्यासिकेच्या वेळा यांचा विचार केला जातो.

अंतर व निवास: विद्यार्थ्यांना एस.टी.च्या मासिक पासमध्ये ६६.६७ टक्के सवलत मिळते, मात्र हा पास घर ते महाविद्यालय या मार्गापुरता असतो व महाविद्यालय बदलल्यावर नवा काढावा लागतो. शेवटची बस व शेवटची तासिका यांचा मेळ बसतो की नाही, हा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी, निर्णायक प्रश्न असू शकतो.

शुल्क व शिष्यवृत्ती

अनुदानित, विनाअनुदानित व स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांचे शुल्क वेगवेगळे असते. एकाच महाविद्यालयात बी.ए. अनुदानित व दुसरा अभ्यासक्रम विनाअनुदानित असू शकतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपूर्वी १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण, त्यानंतर पण शेवटच्या तारखेपूर्वी केल्यास ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के शुल्क परत मिळते. पूर्ण परताव्यातून शुल्काच्या ५ टक्क्यांपर्यंत, परंतु कमाल ५,००० रुपये, प्रक्रिया खर्च म्हणून वजा करता येतात. ३० दिवसांनंतर परतावा मिळत नाही. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडवून ठेवू नयेत, असेही आयोगाने स्पष्ट केले आहे.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना यांसाठी ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. अर्जात महाविद्यालय व अभ्यासक्रमाची नोंद असल्याने बदलानंतर माहिती अद्ययावत करणे आवश्यक असते. वर्षाच्या मध्यावर महाविद्यालय सोडल्यास त्या वर्षाच्या शिष्यवृत्तीवर परिणाम होऊ शकतो.

तक्रार निवारण

दाखला किंवा मूळ कागदपत्रे देण्यास नकार, शुल्क परत न करणे यांसारख्या तक्रारींसाठी २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांत तरतूद आहे. त्यानुसार तक्रार प्रथम विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाते. तेथील निर्णय मान्य नसल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

मर्यादा

श्रेयांक पद्धतीने विद्यार्थ्याला गतिशीलता दिली असली, तरी तिचा लाभ स्थानिक परिस्थितीवर अवलंबून आहे. विषयांची निवड कागदावर व्यापक असली तरी कमी विभाग असलेल्या महाविद्यालयात ती मर्यादित राहते. दोन विद्यापीठांचे अभ्यासक्रम एकाच शासन निर्णयावर आधारलेले असले, तरी विषयांची विभागणी सारखी असतेच असे नाही. श्रेयांकांची नोंद उशिरा झाल्यास, किंवा आधारकार्ड व गुणपत्रिका यांवरील नावांत फरक असल्यास हस्तांतर रखडते. विद्यापीठाचे मुख्यालय दूर असल्याने प्रत्यक्ष पाठपुरावा करण्याचा खर्चही ग्रामीण कुटुंबांवर पडतो. या कारणांमुळे जुने महाविद्यालय सोडण्यापूर्वी मान्य होणाऱ्या श्रेयांकांची व उपलब्ध मुख्य विषयाची माहिती नव्या महाविद्यालयाकडून लेखी घेणे, हा वर्ष वाया जाण्याचा धोका टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो.

हे सुद्धा पहा

• बुलढाणा जिल्हा
• संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ
• राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०
• विद्यापीठ अनुदान आयोग
• यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ